कशालाच न जोडलेली नळी

मी नळ दुरुस्त करतो. छत्तीस वर्षं.
पाण्यापुढे कधी हात जोडले नाहीत.
पाणी माझ्याशी बोलतं ते गळतीतून,
आणि गळती म्हणजे तक्रारच.

झेमाइतियातलं लाकडी चर्च. नोव्हेंबर.
मागच्या खोलीत दोन बेसिनं, शेजारी शेजारी.
एक हात धुवायचं. दुसरं लहान, तांब्याचं,
वर झाकण, कडा हिरवट पडलेल्या.
नगरपालिकेच्या नकाशावर दोन्हींपासून
लाल रेघ निघून नव्या गटाराला मिळालेली.

झाकण उचललं, कॅमेऱ्याची वायर आत सोडली.
पडद्यावर आधी भाजक्या मातीची नळी, मग तडा,
मग केसांसारखी मुळं,
मग माती. नुसती माती.
नळी तिथेच संपते.
कुणीतरी अर्धवट सोडलंय काम, मी म्हटलं,
पगार झाला असेल त्या दिवशी.

"अर्धवट नाही ते." दारात बार्बोरा.
चर्च तीच सांभाळते, ऐंशी उलटलेली,
पायात रबरी बूट, हातात बटाट्यांची पिशवी.
"उरलेलं आशीर्वादाचं पाणी तिथे जातं.
वेदीवरची कापडं धुतली की त्यांचंही, पहिलं.
गटाराला द्यायचं नसतं. जमिनीला द्यायचं."

पाण्याला कसं कळतं, मी विचारलं,
आपण यातलं कुठलं ते?

ती हसली नाही.
"पाण्याला कशाला कळायला हवं?
ओतणाऱ्याला कळलं म्हणजे झालं."

मी गुडघ्यांवर होतो, नळीसाठी,
आणि तसाच, गुडघ्यांवरून, बोलून गेलो
जे बायकोलाही पुरतं सांगितलं नव्हतं.

सत्त्याऐंशी साल. प्लुंगेचं इस्पितळ.
मुलगी, सातव्या महिन्यातली, माझ्या पंजाएवढी.
नर्सने दार लोटून घेतलं
(देवाचं नाव घेतलं तर नोकरी जायची तेव्हा)
आणि एनॅमलचा कप नळाखाली धरला.
"नाव?" तिने विचारलं, ओठ न हलवता.
उग्ने, मी म्हणालो.
आमच्याकडे विस्तवाला उग्निस म्हणतात,
आणि खोलीत फार थंडी होती.
कपाळावर तीनदा पाणी. तेवढंच.
पहाटेपर्यंत होती.

कप माझ्याच हातात राहिला.
अर्धा. कोमट झालेला.
मी तो सिंकमध्ये ओतला.
वर विसळूनही ठेवला.

पुढे हे काम शिकलो आणि तो रस्ता कळला:
शिशाचं वळण, बिडाचा उभा पाइप,
तळघर, रस्त्याखालून हौद,
हौदातून बाब्रुंगस, बाब्रुंगसमधून मिनिया,
खाडी, मग बाल्टिक.
माझ्या हिशेबाने नऊ दिवस. उन्हाळ्यात बारा.

बार्बोराने पिशवी खाली ठेवली.
"नळाचं होतं?"
नळाचं.
"त्यावर आशीर्वाद म्हटलेला नव्हता?"
कोण म्हणणार होतं.
"मग साधं पाणी ते. अडल्या वेळी साधं चालतं.
पावन पोर झाली, कप नव्हे.
ओतलंस तर ओतलंस."

एवढं सोपं होतं.
सदतीस वर्षं मी एक अख्खा समुद्र सांभाळत होतो
आणि ही बाई म्हणते, साधं पाणी.
हलकं वाटायला हवं होतं मला.
वाटलं असं की कुणीतरी
तिचा तिथलाही पत्ता खोडला.

नवी नळी भाजक्या मातीचीच आणली,
तेल्शाइहून, जुन्या सामानातून. महाग पडली.
मुळं कापली नाहीत, बाजूने घेतली.
बार्बोराने वाटीभर ओतून पाहिलं.
आम्ही दोघंही कान देऊन उभे.
मातीत जाणारं पाणी वाजत नाही.

संध्याकाळी नगरपालिकेचा कागद भरला.
नळी: सव्वा मीटर.
कशाला जोडली:
इथे पेन बराच वेळ टेकून राहिलं.
मग आडवी रेघ मारली.

घरी जाताना मिनियाचा पूल लागतो.
नेहमीसारखी गाडी थांबवली नाही.
काच मात्र खाली केली.